रिकाम्याचं माप

३ मार्च

चि. भिंगरीस,

इथे 'अनेक आशीर्वाद' लिहायची पद्धत आहे. तूर्त एकच पाठवतो आहे. बाकीचे तुझं उत्तर कसं येतं ते बघून.

पत्र लिहितोय म्हणजे माझा राग गेला असा अर्थ काढू नकोस. चौदा महिने आपण बोललेलो नाही. फोन करावा तर फोनवर माझी जीभ सैल सुटते, ते तू ऐकलंच आहेस. कागदावर मी बरा असतो. कंपनीच्या तेलाच्या टाक्यांची मापं चौतीस वर्षं कागदावर उतरवली, एका आकड्याबद्दल कुणी बोट दाखवलं नाही.

काम एवढंच आहे. कंपनीच्या मासिकात या महिन्यात एक लेख आलाय. (मासिक अजून घरी येतं. निवृत्त माणसाला कंपनी विसरत नाही, हेही ऐकून ठेव.) मथळा असा: 'टाक्या भरलेल्याच! टीकाकारांच्याच चित्रफितीतला पुरावा.' चित्रफीत म्हणजे तुझी. लेखात म्हटलंय की शाळेच्या पाण्याच्या टाकीत दोन मीटर ऐंशी, दवाखान्याच्या टाकीत चार मीटर बारा, अशी सहा टाक्यांची मापं या चित्रफितीत एक अनुभवी मापक स्वतःच्या तोंडाने सांगतो, तेव्हा गावाला पाणी नाही ही ओरड खोटी आहे. अनुभवी मापक म्हणजे मी.

आता मला सांग, हे आकडे तू पडद्यावर कसे लिहिलेस? नुसते आकडेच लिहिलेस, की सोबत काही शब्द? शब्द असतील तर नेमके कळव. मी ती फिल्म बघितलेली नाही आणि बघणारही नाही, म्हणून विचारावं लागतंय.

बाकी इकडे ठीक. नळ आठवड्यातून एकदा येतो, तोही आधी चांगला पाच मिनिटं खोकतो. तुझी आई त्याला पावणा म्हणते. वेल्डर शेजाऱ्याने गच्चीवर नवी टाकी बसवली आहे, आता तीही रिकामी असते.

आणि एक. दवाखान्याच्या टाकीवर माझ्या सदऱ्याचं वरचं बटण उघडं आहे. चेहरा इतक्या जवळून घ्यायचा होता तर आधी सांगायचंस.

बाबा


११ मार्च

चि. भिंगरीस,

मागचं पत्र पेटीत टाकायला तुझ्या आईकडे दिलं. तिने ते आधी वाचलं आणि दारातच हसत बसली. म्हणाली, "अहो, फिल्म बघितली नाही, मग बटण कुठून दिसलं?" चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. आता लपवण्यात अर्थ नाही. बघितली.

वेल्डरकडे बघितली, दुपारी जेवणं झाल्यावर. त्याच्याकडे ती पेन ड्राइव्हवर आहे, अर्धी कॉलनी घेऊन जाते आणि आणून देते. मी टीव्हीपासून लांब, दाराजवळच्या स्टुलावर बसलो, म्हणजे नाही आवडली तर उठता येईल. तुझी आई पुढे सोफ्यावर. पहिलं मिनिटसुद्धा झालं नाही तोच ती वेल्डरच्या बायकोला म्हणते, "आता टाळ्या येतील बघा." तेव्हा मला कळलं की तिची ही पाचवी खेप होती. घरात माझ्याशी बोलताना इतके दिवस तोंडावरची माशी मात्र हलली नाही.

वेल्डर म्हणाला की कलादालनात ही लागली तेव्हा तीन वेगवेगळे पडदे होते, यात तिन्ही एकाशेजारी एक केलेत. डावीकडे कारखान्याच्या धुराड्यावरचा जाळ. तो फक्त जळत राहतो. उजवीकडे मंत्र्यांची भाषणं, चाळीस वर्षांची. आधी मला वाटलं टीव्ही बिघडला. मंत्री तोंड उघडतात, हात वर करतात आणि आवाज नाही. मग एकदम टाळ्या. मग पुढचे मंत्री. शब्द सगळे कापलेस आणि टाळ्या तेवढ्या ठेवल्यास. मधल्या पडद्यावर मी. मी टाकीवर चढतो, फीत सोडतो, आकडा सांगतो, आणि आकडा सांगितला की उजवीकडे टाळ्या पडतात.

तिसऱ्या मंत्र्यांच्या वेळी तिसऱ्या रांगेत टाळ्या वाजवणारा काळ्या केसांचा माणूस मीच आहे, हे तुला ठाऊक असणार. उत्पादन दुप्पट झालं म्हणून त्या दिवशी साखर वाटली होती. मला राग आला. उठणार होतो. पण वेल्डर म्हणाला, "काका, किती मनापासून वाजवताय!" तो चिडवत नव्हता. मी खरोखरच मनापासून वाजवत होतो. मग बसलो.

आता जे लिहितो ते एकदाच लिहितो, पुन्हा मागू नकोस. तुला काम येतं. टाकीच्या जिन्यावर पाय ठेवण्याआधी मी उघडा तळवा कठड्याला टेकवतो. अंगातली वीज जमिनीत जावी म्हणून. तेलाच्या टाकीवर तसं न करता झाकण उघडलं आणि एक ठिणगी पडली तर टाकीही जाते आणि माणूसही. पाण्याच्या टाकीला त्याची काही गरज नाही, मी सवयीने टेकवला. दुसऱ्या कुणी तेवढा भाग कापून टाकला असता. तू सहाही टाक्यांना ठेवलास, आणि प्रत्येक वेळी पूर्ण ठेवलास, तळवा टेकल्यापासून उचलेपर्यंत. चौतीस वर्षं मी हे काम केलं, पण माझ्या कामाकडे इतकं नीट कुणी बघितलं नव्हतं. साहेबांनी नाही, युनियनने नाही, तुझ्या आईनेही नाही. माझा ऊर भरून आला. वेल्डरच्या घरी चष्मा पुसायला फडकं मागावं लागलं.

पण बाई, तू घोळ घातलास.

आकड्याखाली तू लिहिलंयस, 'पाण्याची खोली'. ती पाण्याची खोली नाही.

तू सात वर्षांची असताना मी तुला मोरीतल्या ड्रमवर माप घ्यायला शिकवलं. पितळी ओळंबा तळाला टेकवायचा, फीत वर ओढायची, ओली खूण वाचायची. तेव्हा मी रॉकेलच्या टाक्यांवर होतो. रॉकेल स्वच्छ, तळ स्वच्छ, म्हणून तळापासून माप. पुढे मला कच्च्या तेलावर टाकलं, तिथे बारा वर्षं काढली. कच्च्या तेलाच्या टाकीत तळाशी चिखलासारखा गाळ असतो, ओळंबा तळाला पोचतच नाही. म्हणून तिथे माप वरून घेतात. झाकणापासून तेलाच्या पृष्ठभागापर्यंत किती रिकामं आहे ते मोजायचं. टाकीची उंची बाहेर रंगवलेली असते, त्यातून रिकामं वजा केलं की तेल कळतं. आणि वरचा माणूस नुसता आकडा ओरडतो. वरून की तळापासून, हे तो सांगत नाही. खाली आकडा लिहायला जो पाटीवाला उभा असतो, त्याला टाकी कोणती यावरूनच ते ठाऊक असतं.

शाळेच्या टाकीत घोटाभर गाळ होता. दवाखान्याच्या टाकीत त्याहून जास्त, बाकीच्या चारांतही तसाच. गाळ दिसला, मी नियमाप्रमाणे वरून माप घेतलं आणि आकडा खाली ओरडलो. खाली तू होतीस. मी तुला पाटीवाला धरून चाललो, आणि तू मला मोरीतला बाप धरून चाललीस. तू विचारलं नाहीस, कारण शूटिंगच्या त्या आठ दिवसांत आपण 'चहा घे' आणि 'शिडी धर' यापलीकडे बोललो नव्हतो.

तर शाळेची टाकी तीन मीटर उंच आहे. त्यातलं दोन मीटर ऐंशी रिकामं. खाली वीतभर पाणी, त्यातही गाळ. दवाखान्याची चार मीटर तीस, रिकामं चार मीटर बारा. उरलं किती ते तू कर.

तुला वाटलं पाणी आहे पण हे लोक देत नाहीत. पाणीच नाहीय. पाणी उपसायचे पंप डिझेलवर चालतात आणि डिझेल बाहेरदेशी जातं. भाव चढला की जास्त मिळतं म्हणून जातं, भाव पडला की तूट भरायची म्हणून आणखी जातं. आपण तेलावर बसलोय आणि बादली घेऊन उभे आहोत.

बाबा


१७ मार्च

चि. भिंगरीस,

तुझं उत्तर मिळालं. साडेचार ओळी. चौदा महिन्यांनी साडेचार ओळी म्हणजे तू माझीच मुलगी, शंका नको.

तू लिहिलंस, 'बाबा, दुरुस्ती लेखी द्याल का?' आणि खाली लिहिलंस, 'त्यांच्याकडे एक कागद आहे. त्यावरची सही तुमची आहे का?'

आधी इथली हकीकत सांगतो. तुझ्या आईने खिडकीतली कुंडी आत घेतली. वेल्डरच्या मुलीला कारकुनाची परीक्षा…

नाही. हे तुझ्या आईने वाचलं आणि म्हणाली, "विषयावर या."

सही माझी आहे.

तुझी फिल्म लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनीचे डेप्युटीसाहेब घरी आले. स्वतः आले, शिपाई पाठवला नाही, एवढ्यानेच मी अर्धा विरघळलो. खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. माझी जुनी नोंदवही त्यांनी काढून बघितली होती म्हणे, इतका सुंदर आकडा आजकाल दिसत नाही म्हणाले. मग म्हणाले, "काका, मुलीने तुम्हाला फसवलं." कागद तयार होता. 'माझ्या नकळत व माझी दिशाभूल करून चित्रण करण्यात आले' असं त्यावर होतं. मी फिल्म बघितली नव्हती. चष्मा आतल्या खोलीत होता. तो आणायला उठलोसुद्धा नाही. सही ठोकली.

त्या कागदाच्या जोरावर त्यांनी कलादालनातली तुझ्या फिल्मची खोली तिसऱ्या दिवशी बंद केली आणि तुझ्यावर फसवणुकीचं प्रकरण घातलं. आणि त्याच संध्याकाळी तू फोन केलास तेव्हा मी म्हणालो, "मला मुलगी नाही." तू काही बोलायच्या आत ठेवला. तुझी आई स्वयंपाकघरात होती. तिने ऐकलं, आणि त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

एका आकड्यासाठी मी तीन वेळा फीत सोडायचो. तिन्ही जुळले तरच लिहायचो, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. वाऱ्यात, उन्हात, ताप असताना. आणि पोटच्या मुलीच्या बाबतीत एकदाही न बघता सही केली. हे वाचून तू काय म्हणशील मला ठाऊक नाही. मी तुझ्या जागी असतो तर साडेचार ओळीही लिहिल्या नसत्या.

सोमवारी ऑफिसात जातो. दुरुस्तीचा अर्ज देतो. दुरुस्ती द्यायची तर मी स्वतः जाणूनबुजून मापं सांगितली हे लिहावं लागेल, आणि ते लिहिलं की पहिला कागद खोटा ठरतो. क्वार्टर आपल्याला 'सद्वर्तन असेपर्यंत' दिलेलं आहे, तेव्हा ते जाणार. मी हे आईला घाबरत घाबरत सांगितलं. ती म्हणाली, "भांडी बांधायला मला एक दिवस लागतो. तुम्हाला सही करायला किती लागतो ते बघा."

बाबा


२४ मार्च

चि. भिंगरीस,

काम झालं. कसं झालं ते तुला कळायला हवं, म्हणून सविस्तर.

डेप्युटीसाहेबांच्या खोलीत काचेच्या पेटीत अख्ख्या कारखान्याची छोटी प्रतिकृती आहे. माझ्या टाक्या त्यात बुचाएवढ्या दिसतात. मी अर्ज पुढे ठेवला. त्यांनी वाचला, परत वाचला, आणि पंखा असून कपाळ पुसलं.

"काका, हे काय?"

"दुरुस्ती. सहाही मापं वरून घेतलेली आहेत. मासिकात आलं ते उलटं आहे. टाक्या भरलेल्या नाहीत, रिकाम्या आहेत."

"पण याचा अर्थ शूटिंग चाललंय हे तुम्हाला माहीत होतं."

"झाकणाशी बांधलेला कॅमेरा माझ्या नाकापासून वीतभर होता, साहेब. वीस मीटर खालचं तेल दिसतं मला, कॅमेरा दिसणार नाही?"

"मग आधीचा कागद?"

"तो खोटा. लिहिला तुम्ही, सही माझी. निम्मा निम्मा वाटून घेऊ."

मग ते गोड झाले. गोड झाले की हा माणूस जास्त वाईट. म्हणाले, "आकडे मोठे दिसताहेत, त्यात सगळ्यांचं भलं आहे. खात्याचं आहे, तुमचं आहे. आता तर तुमच्या मुलीचंसुद्धा आहे. वर विषय मिटलाय, तिच्यावरचं प्रकरण आम्ही बंद करतोय. तुम्ही कशाला उकरून काढता? राहू द्या की तसंच."

भिंगरे, इथे मी डगमगलो. खरं सांगतो. तुझ्यावरचं प्रकरण बंद होतंय म्हटल्यावर हात अर्जाकडे गेला होता. पण मग डोळ्यांसमोर आलं की तू सहा वेळा माझा तळवा ठेवलास, आणि त्याच्यापुढे खोटा आकडा कायमचा राहणार, माझ्या आवाजात. दवाखान्यात बाळंतिणीच्या खाटेशी रिकामी बादली, आणि कागदावर चार मीटर बारा. मी म्हणालो, "साहेब, माझ्या तोंडचं माप आहे ते. ते मी खोटं राहू देणार नाही. पोच द्या."

पोच द्यायला ते तयार होईनात. मी अर्ज उचलला आणि बाहेर आवक-जावकच्या टेबलाशी गेलो. तिथे कोण बसलेला असावा? माझा पाटीवाला. नऊ वर्षं माझ्या टाकीखाली उभा राहिलेला, पाठ धरल्यावर ऑफिसात घेतलेला. आता केस सगळे गेलेत. साहेब दारात येऊन उभे राहिले. त्याने त्यांच्याकडे बघितलं नाही. अर्ज वाचला आणि मला एवढंच विचारलं, "वरून ना?"

"वरून."

"गाळ होता?"

"घोटाभर."

त्याने दोन्ही प्रतींवर शिक्का मारला, तारीख घातली, एक मला दिली. साहेब म्हणाले, "तुम्हाला समजतंय का काय करताय?" तो म्हणाला, "पोच दिली, साहेब. आलेल्या कागदाला पोच द्यायची असते."

जिना उतरताना माझी मान ताठ होती. गुडघे दुखत होते, पण मान ताठ होती. फाटकावरच्या दोघा जुन्या सोबत्यांनी मला बघून तोंड फिरवलं. तिसरा मात्र गेटपासून रस्त्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आला आणि तिथून परत गेला.

शिक्क्याची प्रत सोबत जोडली आहे. जपून ठेव, मूळ तीच आहे.

बाबा


९ एप्रिल

चि. भिंगरीस,

क्वार्टर रिकामं करण्याची नोटीस गेल्या आठवड्यात आली. आम्ही दुसऱ्याच दिवशी बाहेर पडलो, त्यांना तीस दिवसांचा आनंद कशाला द्या. वेल्डरच्या दुकानामागे दोन खोल्या आहेत, तिथे आहोत. भिंतीपलीकडे दिवसभर लोखंड कापतात. तुझी आई म्हणते, माझ्या घोरण्यापेक्षा बरं. कॉलनीतल्या चार घरांनी सामान वाहायला माणसं पाठवली, आणि कपाट उचलताना प्रत्येकजण मला विचारत होता, काका, आमच्या टाकीचं माप कधी घेताय? आतापर्यंत अकरा घेतली. वरून घेतलं की 'वरून' असं मोठ्याने म्हणतो. या वयात शिकलो.

तुझं पत्र आलं. कलादालनाने खोली पुन्हा उघडली, शिक्क्याची प्रत बघितल्यावर त्यांना दुसरा इलाजच नव्हता, हे वाचून आईने ते पत्र दुकानातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. वेल्डिंगचा गॉगल कपाळावर चढवून तिघं जण ऐकत उभे होते. मी आत होतो. आत होतो म्हणजे रडत नव्हतो, कांदे चिरत होतो.

पण तू लिहितेस की जुने शब्द पुसून नवे घालते, 'म्हणजे कुणाला आपली चूक दिसणार नाही, बाबा'. हे मात्र मला मान्य नाही. कान देऊन ऐक, हे मी तुला शिकवायचं राहिलं.

टाकीच्या नोंदवहीत चुकलेला आकडा खोडायचा नसतो. रबर नाही, शाई सांडायची नाही, पान फाडायचं तर नावच काढायचं नाही. त्यावर एक रेघ मारायची, फक्त एक, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा. शेजारी सही आणि तारीख. का, तर पुढच्या माणसाला दिसावं की इथे चूक झाली होती आणि ती कुणी सुधारली. ज्याची वही गुळगुळीत, त्याच्यावर आम्ही कधी विश्वास ठेवला नाही. तुझ्या फिल्ममध्येही तसंच कर. 'पाण्याची खोली' राहू दे, त्यावर रेघ दिसू दे, वर खरा शब्द लिही. आणि त्यानंतरच्या टाळ्या होत्या तेवढ्याच ठेव. लोकांना कळू दे आम्ही कशाला वाजवल्या.

रेघेशेजारी माझी सही हवी असेल तर कागदावर करून पाठवली आहे. आता हात स्थिर नाही, पण ओळखू येते.

आता माझ्या वहीतली एक नोंद. चौदा महिन्यांपूर्वी फोनवर केलेली. ती पुसता येणार नाही, तू ऐकलीस, आईने ऐकली. पुसू म्हणालीस तरी मी पुसू देणार नाही. म्हणून नियमाने करतो.

मूळ नोंद: मला मुलगी नाही.

त्यावर एक रेघ.

दुरुस्त नोंद: मला मुलगी आहे. एक. मला तिचा अभिमान आहे, तीनदा बघितलं, तिन्ही वेळा तेवढाच भरला.

सही,
तुझा बाप
९ एप्रिल